तातगुणीच्या बंगल्यात राहतं कोण?

बंगळुरूच्या वेशीबाहेर दाट झाडीत एक इस्टेट वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिली. एकेकाळची पडद्यावरची राणी आणि तिचा रशियन चित्रकार नवरा तिथं राहायचे. ते गेले आणि अफवा राहायला आल्या. पण बंद घराची खरी गोष्ट भुतांच्या गोष्टीहून वेगळी असते!

कोणत्याही गावात जा, एक घर असं असतंच. दाराला गंजलेलं कुलूप, अंगणात कमरेएवढं गवत आणि भिंतीच्या फटीतून डोकावणारं पिंपळाचं रोप. शाळेतून परतणारी पोरं तिथं आली की पावलं भरभर उचलतात. म्हातारी माणसं तिन्हीसांजेला त्या बाजूला बघायचं टाळतात. 'त्या घरात राहतं कोण?' असं विचारलंत तर उत्तर सगळ्यांकडे असतं. कुणी म्हणतं, पिंपळावर मुंजा आहे. कुणी सांगतं, तळघरातल्या हंड्यावर नाग बसलाय. कुणाच्या आत्याने म्हणे अमावास्येला खिडकीत पांढऱ्या साडीतली बाई बघितली होती. स्वतः बघितलेला माणूस मात्र कधीच भेटत नाही. बघितलेलं असतं ते नेहमी दुसऱ्या कुणीतरी.

बंगळुरूजवळही असंच एक ठिकाण आहे. फरक एवढाच, की तिथं घराभोवतीचं अंगण थोडंथोडकं नाही, तब्बल ४७० एकरांच्या आसपास आहे. दादरच्या शिवाजी पार्कसारखी पंधरा-सोळा मैदानं सहज मावतील एवढं! शहरातून दक्षिणेला कनकपुरा रस्त्याने निघालं, की वीसेक किलोमीटरच्या आत तातगुणी नावाचं गाव लागतं. त्याच गावाच्या नावाने ही इस्टेट ओळखली जाते. एकेकाळी हा सगळा भाग निव्वळ खेडवळ होता. नाचणीची शेतं, नारळाची झाडं, तळी आणि पलीकडे जंगल. आज मेट्रो रेल्वेची गाडी या रस्त्यावरच्या सिल्क इन्स्टिट्यूटपर्यंत येऊन पोचलीय. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहिल्यात. त्यामुळे मधेच लागणारी ही गर्द झाडी आणखीच डोळ्यात भरते. आत काय असेल? असा प्रश्न पडला नाही, असा प्रवासी विरळाच.

आत काय आहे, हे कळण्यासाठी आधी आत कोण होतं, ते बघायला हवं.

मालाडची नायिका, रशियाचा चित्रकार

देविकाराणी हे नाव आजच्या पिढीला कदाचित फारसं ठाऊक नसेल, पण घरातल्या आजी-आजोबांना विचारून बघा. १९०८ मध्ये वॉल्टेअरला, म्हणजे आजच्या विशाखापट्टणमला जन्मलेली ही मुलगी. घराणं बंगाली, नातं थेट टागोरांच्या कुटुंबाशी. वडील मद्रास प्रांताचे सर्जन जनरल. शिक्षणासाठी ती लहानपणीच इंग्लंडला गेली आणि तिथं हिमांशू राय या चित्रपटवेड्या माणसाशी तिची गाठ पडली. दोघांनी लग्न केलं आणि १९३४ मध्ये मुंबईला मालाडमध्ये 'बॉम्बे टॉकीज' उभी केली.

चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात काम करायचं नाही, असा तो काळ. त्या काळात सुशिक्षित, बड्या घरची ही मुलगी बिनदिक्कत पडद्यावर आली. १९३६ च्या 'अछूत कन्या'मध्ये ती अशोककुमारबरोबर झळकली आणि देशभर तिचं नाव झालं. १९४० मध्ये हिमांशू राय गेले. तेव्हा तिने कंपनीचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. बाईमाणसाने स्टुडिओ चालवायचा, ही गोष्ट तेव्हा सोपी नव्हती. युसुफ खान नावाच्या एका तरुणाला 'दिलीपकुमार' म्हणून १९४४ च्या 'ज्वार भाटा'तून पडद्यावर आणलं ते तिनेच. आणि मग, सगळं हातात असताना, १९४५ मध्ये तिने सिनेमाला कायमचा रामराम ठोकला. कशासाठी? तर स्वेतोस्लाव्ह रोरिक या चित्रकाराशी संसार थाटण्यासाठी!

रोरिकही काही साधा माणूस नव्हता. १९०४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मलेला. वडील निकोलस रोरिक जगप्रसिद्ध चित्रकार, हिमालयाची असंख्य चित्रं काढणारे. हे कुटुंब फिरत फिरत हिमाचलातल्या कुलू खोऱ्यात येऊन स्थायिक झालं होतं. युद्धाच्या काळातही कलाकृती, संग्रहालयं आणि स्मारकं सुरक्षित राहावीत, यासाठी १९३५ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. तो आजही 'रोरिक करार' म्हणून ओळखला जातो, तो या निकोलस रोरिक यांच्याच नावाने. मुलगाही बापाच्या तोडीचा निघाला. संसदेच्या जुन्या इमारतीतल्या सेंट्रल हॉलमधलं पंडित नेहरूंचं तैलचित्र स्वेतोस्लाव्हच्या हातचं. सरकारने त्याला पद्मभूषण दिलं. देविकाराणीला १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च सन्मान म्हणून आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला, तेव्हा १९६९ चा पहिलावहिला पुरस्कारही तिलाच मिळाला.

लग्नानंतर काही काळ कुलूला काढून हे दोघं बंगळुरूला आले आणि तातगुणीत रमले ते कायमचेच.

सुगंधी झाडांचं रान

तातगुणीची खरी ओळख होती ती लिनालोच्या झाडांनी. नाव परकं वाटतं, कारण झाडही परकंच. मूळचं मेक्सिकोचं. याला बारीक बोराएवढी फळं लागतात. फळांच्या सालीतून, भट्टी लावून वाफेवर, सुगंधी तेल काढतात. अत्तरं आणि साबण बनवणाऱ्यांकडे त्याला चांगली मागणी असते. म्हणजे ही इस्टेट नुसती हौसेची बाग नव्हती, तर उत्पन्न देणारी शेती होती. सरकारने १९५४ मध्ये लागवडीसाठी जमीनही दिली होती. पुढे कमाल जमीनधारणेचा कायदा आला, तरी लिनालोच्या लागवडीला त्यातून सूट मिळाली. शेकडो एकर जमीन एकाच जोडप्याच्या नावावर राहू शकली ती या सुगंधी झाडांच्या पुण्याईने. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची सगळी भानगड या सुटीभोवतीच फिरली.

झाडांच्या मधोमध राहतं घर, रोरिकची चित्रं काढण्याची जागा आणि जवळच तळं. एवढ्या मोठ्या नटीचं घर म्हणजे संगमरवरी महाल असेल, असं कुणाला वाटेल. पण या दोघांना महालापेक्षा एकांताची हौस अधिक. पार्ट्या, शूटिंग, कॅमेरे सगळं मागे टाकलेलं. बाहेरच्यांना मात्र हा एकांतच गूढ वाटला. झाडीआड राहणारी एकेकाळची सुंदर नटी, दाढीवाला परदेशी चित्रकार, भिंतीवर हिमालयाची चित्रं आणि आत जायला सहसा मज्जाव! गोष्टी रचायला आणखी काय लागतं?

दोन म्हातारी माणसं

खरी गोष्ट मात्र गूढ कमी आणि केविलवाणी जास्त होती. या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. वयं ऐंशीच्या पुढे गेली. प्रकृती साथ देईना. एवढ्या मोठ्या पसाऱ्याकडे लक्ष देणं हाताबाहेर गेलं. शेवटच्या काळात दोघं बराचसा काळ शहरातल्या अशोक हॉटेलात राहत होती. स्वतःची चारशेसत्तर एकरांची इस्टेट असताना मुक्काम हॉटेलात! इस्टेटीचा कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला. मालमत्तेचं काय होतंय, दागिने कुठे आहेत, चित्रं कुठे आहेत, यावरून तक्रारी सुरू झाल्या. १९९२ मध्ये तर हा विषय राज्य सरकारच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बैठकीपर्यंत गेला. दरम्यान इस्टेटीतली बरीच जमीन आपण रीतसर खरेदी केली आहे, असं सांगत एक खासगी कंपनी पुढे आली.

३० जानेवारी १९९३ ला रोरिक गेले. पुढच्याच वर्षी, ९ मार्च १९९४ ला देविकाराणीही गेली. दोघांनाही तातगुणीच्याच मातीत चिरविश्रांती मिळाली. म्हणजे 'त्या इस्टेटीत राहतं कोण?' याचं अगदी शब्दशः उत्तर द्यायचं तर ते हेच. घरधनी आणि घरधनीण, दोघंही तिथंच आहेत, आपल्या झाडांच्या सावलीत.

पण त्यांच्यामागे या घराचं काय करायचं, याचा निर्विवाद निकाल लागलेला नव्हता. त्याच १९९४ च्या मार्चमध्ये सरकारने लिनालोच्या लागवडीला दिलेली सूट मागे घेतली. १९९६ मध्ये कर्नाटकाने खास या एका इस्टेटीसाठी कायदा केला. इस्टेट, चित्रं, वस्तू असं सगळं सरकारने ताब्यात घ्यायचं, त्यासाठी पाच कोटी रुपये भरपाई ठेवायची आणि जतनासाठी मंडळ नेमायचं, असं ठरलं. कंपनीने त्याला आव्हान दिलं. प्रकरण कोर्टात गेलं. आणि कोर्टात गेलेल्या घराचं काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ना विकता येतं, ना दुरुस्त करता येतं, ना कुणाला राहायला देता येतं. मालकी ठरेपर्यंत कौल कुणी बदलायचं?

कुलुपामागे गोष्टी वाढतात

अशी वर्षं जातात आणि कुलूप गंजतं, तसतशा गोष्टी वाढत जातात. तातगुणीबाबतही तेच झालं. नटीचे दागिने, कोट्यवधींची चित्रं, गायब झालेल्या पेट्या, खऱ्याखोट्या मृत्युपत्रांची कुजबुज. ज्याला जे सुचेल ते त्याने पुढे सांगावं. भुताखेतांना तर अशा जागी आमंत्रणही लागत नाही.

त्यातून कर्नाटकात दारावरच्या भुताची परंपरा जुनी आहे. १९९० च्या दशकात बंगळुरूच्या आसपासच्या खेड्यांत आणि शहराच्या वस्त्यांतही 'नाळे बा'ची अफवा जोरात होती. रात्री म्हणे एक बाई दारावर टकटक करते. आवाज मात्र काढते तुमच्या आईचा, बहिणीचा, ओळखीच्या माणसाचा. दार उघडलं की संपलं! यावर तोड काय, तर दारावर किंवा भिंतीवर ठळक अक्षरांत लिहायचं, 'नाळे बा'. म्हणजे कन्नडमध्ये 'उद्या ये'. बाई वाचते आणि परत जाते. दुसऱ्या दिवशी येते, तेव्हाही पाटी 'उद्या ये' असंच सांगते. असा तिचा उद्या कधी उजाडतच नाही. २०१८ च्या 'स्त्री' या हिंदी सिनेमात दारांवर 'कल आना' लिहिलेलं दिसलं, ते याच कथेशी जुळणारं. भूत वाचू शकतं, एवढंच नव्हे तर दिलेला शब्द पाळतं, अशी ही मोठी गमतीदार कल्पना!

शहराच्या ऐन मध्यावरही असं एक घर होतं. सेंट मार्क्स रोडवरचं 'टेरा व्हेरा'. एका वकिलाने १९४३ मध्ये आपल्या दोन मुलींसाठी ते बांधलं. दोघी बहिणी तिथंच वाढल्या, तिथंच म्हाताऱ्या झाल्या. २००२ मध्ये त्यातल्या एकीचा घरातच खून झाला. दुसरीने घर सोडलं. मग हे घर 'बंगळुरूमधलं सगळ्यात झपाटलेलं घर' म्हणून गाजू लागलं. तरुण पोरं रात्री-अपरात्री कुंपणावरून उड्या मारून आत शिरू लागली. कुणाला पियानोचे सूर ऐकू आले, कुणाच्या कॅमेऱ्यात सावल्या दिसल्या. २०१४ मध्ये घर पाडलं गेलं आणि भूतही बेपत्ता झालं. पण या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट कुणी फारशी सांगितली नाही. दोन एकट्या म्हाताऱ्या बहिणी भर शहरात राहत होत्या आणि त्यांना सोबत नव्हती. भुताची गोष्ट सांगणं सोपं असतं. एकटेपणाची गोष्ट ऐकणाऱ्यालाही नको असते.

तातगुणी, टेरा व्हेरा आणि आपल्या गावातलं ते बंद घर यांना जोडणारा धागा हाच. दंतकथेचा पहिला धागा ओढून बघितला, की दुसऱ्या टोकाला एक म्हातारं माणूस आणि एक अर्धवट राहिलेला कागद सापडतो.

मग रात्री आवाज कुणाचे?

आवाज येतात, हे खरंच आहे. ते ऐकणारे सगळेच खोटारडे नसतात. ओसाड घर कधी रिकामं नसतंच मुळी. माणूस गेला की महिन्या-दोन महिन्यांत नवे भाडेकरू येतात आणि त्यातले बरेचसे रात्रपाळीचे असतात.

पहिलं गव्हाणी घुबड. पांढरट, बदामाच्या आकाराचा चेहरा, पांढुरकं पोट आणि पंखांचा जराही आवाज न करता अंगावरून जाणारं. त्याचं ओरडणं म्हणजे कुणीतरी गळा काढल्यासारखी कर्कश किंकाळी. अंधाऱ्या माळ्यावरून हे पाखरू एकदा डोक्यावरून गेलं, की पांढऱ्या साडीतली बाई पाहिल्याची शपथ कोणीही घेईल! दुसरी वटवाघळं. संध्याकाळी एकदम बाहेर पडतात, तेव्हा घर श्वास सोडतंय असं वाटतं. तिसरं उदमांजर. छपरावरून ते चाललं, की हुबेहूब माणसाची पावलं. चौथं खुद्द घर. दिवसभर उन्हाने तापलेलं लाकूड आणि पत्रा रात्री गार होताना आकसतात आणि कडकड वाजतात. भरल्या घरातही हा आवाज होतोच, पण तिथं पंखा, टीव्ही आणि बोलणी यांच्यात तो ऐकू येत नाही.

बंगळुरूकडे आणखी एक प्राणी आहे, लाजवंती वानर. कन्नडमध्ये त्याला 'काडु पापा' म्हणतात, म्हणजे रानातलं बाळ. हातभर लांबही नसलेला हा जीव रात्री फांद्यांवरून अगदी संथपणे सरकतो. त्याच्या अंगावर बॅटरीचा झोत पडला, की अंधारात फक्त दोन मोठे गोल डोळे चमकतात. आता हे दोन डोळे ज्याने नकळत बघितले, त्याने घरी जाऊन काय सांगावं?

तातगुणीला तर याहून वजनदार पाहुणे येतात. इस्टेटीच्या आसपास राखीव जंगल आहे आणि पुढे बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान. तिथले हत्ती इस्टेटीत उतरल्याच्या बातम्या वेळोवेळी आल्या आहेत. बिबट्याचा वावरही या पट्ट्याला नवा नाही. म्हणजे रात्री झाडीत काहीतरी मोडल्याचा आवाज आला, तर भ्यायला हरकत नाही, फक्त भुताला नव्हे! रामरक्षा म्हणून हत्ती बाजूला होत नाही. कुंपण ओलांडून 'भूत बघायला' जाणाऱ्या उत्साही मंडळींनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. पडक्या घरात साप, मोडकी जमीन आणि उघड्या विहिरी असतात. दुसऱ्याच्या मालमत्तेत विनापरवाना शिरणं हा गुन्हाही आहेच.

निकाल लागला, पुढे?

९ ऑगस्ट २०११ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 'के. टी. प्लँटेशन विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्याचा निकाल दिला. सरकारचा १९९६ चा कायदा वैध ठरला आणि इस्टेट राज्याकडे आली. देविकाराणीच्या मृत्यूनंतर तब्बल सतरा वर्षांनी!

या निकालाचं महत्त्व एका बंगल्यापुरतं नाही. मालमत्तेचा हक्क आज मूलभूत हक्क नसला, तरी घटनेच्या कलम ३०० अ खाली तो घटनात्मक हक्क आहे. कायद्याच्या आधाराशिवाय आणि सार्वजनिक हेतूशिवाय सरकार कुणाची मालमत्ता काढून घेऊ शकत नाही, आणि भरपाई मागण्याचा हक्क त्या कलमातच गृहीत आहे, असं घटनापीठाने स्पष्ट केलं. देशात कुठेही जमीन संपादनाचा वाद निघाला, की वकील या निकालाचा आधार घेतात. ज्या घराबद्दल लोक भुतांच्या गोष्टी सांगत होते, त्या घराने देशाच्या कायद्यात आपलं नाव कोरून ठेवलं!

पण निकाल लागला म्हणून घर लगेच हसायला लागतं असं नाही. संग्रहालय होणार, कलाकेंद्र होणार, अशा घोषणा झाल्या. २०१९ मध्ये तर इथं चित्रनगरी उभारायचा विचार सरकारने बोलून दाखवला. सिनेमा सोडून ज्या बाईने इथं शांतता शोधली, तिच्याच झाडांत पुन्हा शूटिंगचे दिवे! झाडं आणि हत्तींचा विचार करा, म्हणत पर्यावरणप्रेमींनी विरोध केला आणि चित्रनगरी मैसूरकडे नेण्याचं ठरलं.

या उलट कुलूचं बघा. तिथल्या नग्गर गावातलं रोरिक कुटुंबाचं घर स्वेतोस्लाव्ह हयात असतानाच एका विश्वस्त संस्थेकडे गेलं. आज ते संग्रहालय आहे. मनालीला जाणारी कितीतरी मराठी कुटुंबं तिकीट काढून ते बघून येतात. तिथं कुणी भुताच्या गोष्टी सांगत नाही, कारण रोज सकाळी तिथं दार उघडतं, केर निघतो आणि माणसं येतात. बंगळुरूच्या चित्रकला परिषदेतही रोरिक पितापुत्रांच्या चित्रांची दालनं आहेत. आईवडिलांच्या वारशाचा मोठा भाग त्याने १९९० मध्ये मॉस्कोला पाठवला. म्हणजे वडिलांच्या घराची सोय झाली, चित्रांची सोय झाली. राहिलं ते स्वतःचं राहतं घर! आणि मालाडला देविकाराणीने उभारलेल्या बॉम्बे टॉकीजच्या जागेत छोट्या-मोठ्या कारखान्यांची दाटी झाली. तिच्या दोन्ही घरांच्या नशिबी असं यावं, याला काय म्हणायचं?

आपल्याही गावात एक कुलूप आहे

तातगुणी दूर वाटेल, पण कोकणात उतरून बघा. एकेका वाडीत कुलुपं किती लटकलेली दिसतात! चाकरमानी मुंबईला, पुढची पिढी पुण्याला किंवा परदेशात. गणपतीला पाच दिवस दार उघडतं, उरलेलं वर्ष घर वाट बघतं. सातबारावर पणजोबांचं नाव तसंच. चुलत, आते, मामे मिळून वारस तीस-चाळीस. एकाने दुरुस्ती करायची म्हटलं, की दुसरा विचारतो, 'तू कोण ठरवणार?' मग कुणीच काही करत नाही. आधी मांगर पडतो, मग पडवी, मग माजघर. आणि दहा-वीस वर्षांनी त्या वाडीतली पोरं सांगू लागतात, की इथं रात्री बांगड्या वाजतात.

ज्या आजीच्या बांगड्या तिथं खरोखरच वाजत होत्या, जिने त्या माजघरात दहा माणसांचं रांधलं, तिची आपल्याच वंशजांमुळे हडळ व्हावी, यापेक्षा वाईट काय? हे टाळणं फार अवघड नाही. वेळेवर चार गोष्टी केल्या तरी पुरे.

कुलूप लावण्यापूर्वी...

* मृत्युपत्र करा. साध्या कागदावर केलं तरी चालतं, स्टॅम्प लागत नाही. मात्र करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार लाभार्थी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वाद कमी होतात.

* मूलबाळ नसेल, तर हे काम आणखी निकडीचं. घर कुणाला द्यायचं, संस्थेला द्यायचं का, हे हातीपायी धड असताना ठरवा. आजारपणात घेतलेल्या सह्यांवर पुढे हमखास शंका निघतात.

* घरातलं माणूस गेलं, की वारसनोंद लांबवू नका. तलाठ्याकडे अर्ज द्या. एका पिढीचं काम पुढच्या पिढीवर टाकलं, की नावं दुप्पट-तिप्पट होतात.

* घरपट्टी भरत राहा, पावत्या जपा. वर्षातून दोनदा तरी दार उघडा, फोटो काढून ठेवा. दुसऱ्या कुणी मालक असल्याच्या थाटात उघडपणे, सलग बारा वर्षं ताबा ठेवला, तर तुमचा हक्क बुडू शकतो.

* घर सांभाळायला कुणाला ठेवलं, तर अटी कागदावर लिहा. 'आपलाच माणूस आहे' या वाक्यावर कोर्टात काही चालत नाही.

* दागिने, जुनी भांडी, चित्रं, फोटो यांची यादी करा आणि ती घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

बंद घराचं भूत उतरवायला मांत्रिक लागत नाही. दार उघडणारं एक माणूस आणि नीट केलेला एक कागद एवढंच पुरतं. तातगुणीच्या जोडप्याकडे जमीन होती, नाव होतं, मोठमोठ्या माणसांच्या ओळखी होत्या. तरीही त्यांच्या घराची गोष्ट त्यांना हवी तशी संपली नाही. तेव्हा तुमच्या गावच्या घराबाबत 'बघू पुढच्या सुट्टीत' असं म्हणत असाल, तर जरा सांभाळून. ती 'नाळे बा'ची पाटी भुतासाठी ठीक आहे. घरासाठी नव्हे!